दुसऱ्या फॉर्मची जागा

फ्रीगंज, उज्जैन
१२ नोव्हेंबर २०२५

चि. देवश्रीस,
आशीर्वाद.

तुझी निळी शाल कपाटाच्या वरच्या कप्प्यात सापडली. थंडी सुरू झाली आहे आणि देवासला टेकडीचा वारा असतो, म्हणून कुरियरने पाठवते आहे. नुसती शाल पाठवणं बरं दिसत नाही, म्हणून हे चार शब्द. याचा अर्थ अबोला संपला असा काढू नकोस. अबोल्यात बोलायचं नाही पण चिठ्ठी चालते, हा तात्यांचा नियम. लहानपणी आपण मिठाच्या बरणीखाली चिठ्ठ्या ठेवायचो. आता बरणी जरा लांब गेली आहे, एवढंच. तेव्हा मी तुझे फोन उचलत नाही यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

इथे सगळं उत्तम चाललंय. क्लास भरलेला आहे. संध्याकाळच्या बॅचला तर जाजम कमी पडतं. तू गेल्यामुळे इथे काही अडलं असेल असं तुला वाटत असेल, तर तसं बिलकूल नाही. आधी मी फळ्याजवळून ‘ब्रेक’ म्हणायची, तू खिडकीजवळून ‘ब्रोक’ म्हणायचीस आणि पोरं एका सुरात ‘ब्रोकन’. आता क्रियापदाचा पहिला फॉर्मही मी म्हणते आणि दुसराही मीच. मुलांना काय, तिसऱ्याशी मतलब. फक्त श्वास जरा लवकर संपतो. वयाचं आहे ते.

आता लिहायला घेतलंच आहे तर एक लिहूनच टाकते. तू लग्न केलंस याचा मला राग नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी करावंसं वाटलं, केलंस. राग याचा आहे की त्या गृहस्थांना प्रवेश मी दिला होता. बँकेतून रिटायर झालेला, बायको गेलेला माणूस ऑस्ट्रेलियातल्या नातवाशी बोलता यावं म्हणून देवासहून बसने इंग्रजी शिकायला येतो, याचं मला किती कौतुक वाटलं होतं! जाजमावर पहिल्या ओळीत बसवलं मी त्यांना. काय शिकले? ‘बिगिन’च्या पुढे गाडी गेली नाही. ‘मोअर बेटर’ लिहायचे आणि मी लाल पेनाने कापलं की ‘चुकलंच बघा ताई’ म्हणून हसायचे. मला वाटायचं गरीब स्वभावाचे आहेत. आणि माझ्याच वर्गातून माझी बहीण घेऊन गेले.

आणि तू! पोह्यांवर शेव घालता घालता म्हणालीस, “ताई, पुढच्या सोमवारी कोर्टात लग्न आहे, येशील ना?” उद्या नळ येणार नाहीत असं सांगावं तसं सांगितलंस. मी आले नाही. येणार नव्हतेच.

शाल मिळाल्याचं कळव. क्लासमधल्या निहारिकाच्या मोबाइलवर कळवलंस तरी चालेल, ती मला दाखवते.

ताई

* * *

फ्रीगंज
३० नोव्हेंबर

चि. देवश्रीस,
आशीर्वाद.

शाल मिळाली हे कळलं. निहारिकाने तुझा फोटोही दाखवला. शाल अंगावर घेऊन गच्चीत बसली आहेस. मागे कुंड्या दिसल्या. तुला कधी झाडांची आवड होती गं? आपल्याकडची तुळस तर मीच जगवत आले.

आज कम्पॅरेटिव्ह डिग्री काढली. दरवर्षी नोव्हेंबरात असते, तुला माहीतच आहे, पण आज हातात खडू घेतला आणि मग लक्षात आलं की आता काय करायचं.

तुला आठवतं ना, तात्यांनी आपल्याला पहिल्यांदा उभं केलं तेव्हा मी नववीत होते आणि तू तिसरीत? वर्गासमोर दोघींना शेजारी शेजारी उभं करून तात्या म्हणायचे, “बोलो बच्चों, वाक्य बनाओ.” मग सुरू व्हायचं. दुर्गा इज टॉलर दॅन देवश्री. देवश्री इज फेअरर दॅन दुर्गा. मला त्या वाक्याचा किती राग यायचा, आणि तात्या ते दरवर्षी फळ्यावर लिहायचे, कारण व्याकरण बरोबर होतं. पुढे तात्या गेले तरी आपण दोघी केस पिकेपर्यंत उभ्या राहत आलो. या गावातल्या निम्म्या वकिलांनी आणि दुकानदारांनी कम्पॅरेटिव्ह आपल्या दोघींवर शिकलेलं आहे. टॉवरजवळचा तो औषधवाला अजून मला बघून म्हणतो, “टॉलर वाली मॅडम, नमस्ते.”

तर आज मी एकटीच उभी राहिले. म्हटलं, बनवा वाक्यं. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. तो सौमित्र, उंच, सारखा च्युइंगम खाणारा, तो म्हणाला, “मॅडम, पर किससे? एक से कैसे होगा?”

मी म्हटलं, कपाटाशी करा. मग झालं कपाटाशी. दुर्गा मॅडम इज शॉर्टर दॅन द कपबर्ड. दुर्गा मॅडम इज ओल्डर दॅन द फॅन. खूप हसली पोरं. मीही हसले. हसताना एकदा खिडकीकडे बघितलं गेलं. सवय आहे, दुसरं काही नाही.

घरी लिहून आणायला दिलेल्या वाक्यांत सौमित्रने लिहिलं होतं, देवश्री मॅडम इज हॅपियर दॅन दुर्गा मॅडम. तो फोटो त्यानेही पाहिला असणार. त्याला बोलवावं आणि चांगलं फैलावर घ्यावं असं मनात आलं. पण वाक्यात चूक नव्हती. मी बरोबरची खूण केली आणि वही परत दिली.

ताई

* * *

फ्रीगंज
१७ डिसेंबर

चि. देवश्रीस,

तुझं पत्र आलं. पोस्टमन म्हणाला, “मॅडम, चिट्ठी? आजकल कौन लिखता है?” मी म्हटलं, आमच्याकडे लिहितात.

वाचलं. दोनदा वाचलं. आता क्रमाने उत्तर देते.

पहिलं, तू म्हणतेस की मी पत्राच्या वर ‘चि. सौ. देवश्री’ लिहीत नाही, नुसतं ‘चि. देवश्री’ लिहिते. बरोबर आहे. अठ्ठावन्न वर्षं तेच लिहीत आले, हात वळत नाही. त्या एका अक्षरासाठी तू एवढी रुसशील असं वाटलं नव्हतं. तुला व्याकरण येतं पण तात्यांच्या घरची माणसं किती हट्टी आहेत ते तू विसरलीस असं दिसतं.

दुसरं, वसंतपंचमी. तू विचारलंस की यंदाच्या अखंडाचं काय ठरलं. ठरायचं काय त्यात? दरवर्षी होतं तसं होईल. मागच्या गल्लीत लाउडस्पीकर लावून अखंड रामायण चालायचं आणि आपल्या क्लासच्या मुलांना काही ऐकू यायचं नाही, तेव्हा तात्या चिडून म्हणाले होते, “त्यांचं अखंड, तर आपलंही अखंड.” तेव्हापासून मुलं सकाळी सरस्वतीच्या देवळात शाई वाहून येतात आणि जाजमावर बसून ‘अराइज’पासून ‘राइट’पर्यंत सगळे फॉर्म्स म्हणतात, मध्ये थांबायचं नाही, पाणीसुद्धा एका आवाजाने दुसरा चालू असताना प्यायचं. कधी मोडलं नाही. तात्या गेले त्या वर्षीही आपण सुतकात दोघीच बसून म्हटलं, मुलं नव्हती म्हणून तिसरा फॉर्म दोघींनी मिळून म्हटला. तो दिवस मला सगळ्यात जास्त आठवतो.

आता तिसरं. तू लिहितेस, “मी येईन ताई, पण बोलावणं आम्हा दोघांना आलं पाहिजे. त्यांच्या नावाने. त्यांना बाहेर ठेवून मी आत येऊन बसणार नाही.”

हे तुझं वाक्य वाचलं आणि माझ्या हातातला चहा गार झाला. स्वतःच्या घरी यायला बोलावणं लागतं का गं? ही भिंत, हा फळा, ही तुझी खिडकी, यांना कुणी आमंत्रण द्यायचं? आणि त्या गृहस्थांचं आपल्या वसंतपंचमीत काय काम आहे? त्यांनी ती कधी पाहिलीसुद्धा नाही, गेल्या वर्षी तेव्हा ते नातवाकडे गेले होते. त्यांना ना दुसरा फॉर्म येतो ना तिसरा. येऊन काय करतील, हसतील?

मी बोलावणं पाठवणार नाही. तुला यायचं असेल तर ये. नसेल तर निहारिकाला तयार करते आहे. चांगला आवाज आहे तिचा, तुझ्यापेक्षा खणखणीत.

ताई

* * *

फ्रीगंज
१५ जानेवारी २०२६

चि. देवश्रीस,
आशीर्वाद.

काल संक्रांत झाली. तिळाच्या वड्या केल्या, त्या पाठवते आहे. पाक जरा पुढे गेला, पाक बघायला तू असायचीस. दातांना जपून खा.

मागच्या पत्राला तुझं उत्तर आलं नाही. बरोबरच आहे. मीही दिलं नसतं.

घरात बसून लिहिते आहे. सकाळचं ऊन जाजमावर आलं आहे आणि कुणी नाही. तुला मी लिहिलं होतं की क्लास भरलेला आहे. तसा तो नाही. जाजम कमी पडत नाही, उलट मी अर्धंच अंथरते, कारण पूर्ण अंथरलं तर पोरं फार कमी दिसतात. नोव्हेंबरातही तसंच होतं. मोठ्या कोचिंगमध्ये एसी आहे आणि मोबाइलवर सगळंच फुकट मिळतं. शिवाय आता महाकालला एवढी गर्दी असते की लोकांनी घराघरांत होम-स्टे काढले आहेत. मुलं संध्याकाळी पाहुण्यांना चहा आणि गरम पाण्याच्या बादल्या पोचवतात. निहारिकाचे वडीलही त्यातलेच. मला विचारत होते, “मॅडमजी, आप अकेली हो, आगे का हॉल खाली पड़ा है, यात्रियों को दे दो.” मी म्हटलं, हॉल रिकामा नाही, तिथे क्लास आहे. त्यांनी जाजमाकडे बघितलं. शहाणा माणूस आहे, पुढे बोलला नाही.

निहारिका दुसरा फॉर्म शिकली. पाठांतर चोख आहे. पण ती फार लवकर म्हणते गं. माझं ‘थ्रो’ संपायच्या आधी तिचं ‘थ्रू’ आलेलं असतं. तू थांबायचीस. माझा आवाज भिंतीपर्यंत जाऊन यायचा आणि मग तू म्हणायचीस. हे मी तिला समजावायला गेले तर म्हणाली, “मॅडम, कितना रुकना है?” वर ‘रीड’ आलं की ती ‘रेड’ म्हणते. बरोबरच आहे, आपण वर्षभर तेच शिकवतो. मी म्हटलं, बाई, वसंतपंचमीला मात्र ‘रीड-रीड-रीड’ म्हणायचं. तात्यांनी इंग्रजी पुस्तकातून शिकलं, साहेब कधी ऐकला नाही, त्यांना ते तसंच वाटायचं, आणि त्यांच्या अखंडात त्यांची चूक काढायची नाही असं आमचं दोघींचं ठरलेलं आहे. तिला हे पटलं नाही. तिने मान हलवली, पण पटलं नाही.

आता खरं सांगते. सकाळी कणीक मळताना माझ्या तोंडून पहिला फॉर्म निघून जातो. कुणी शिकवायचं नसतं, कुणी शिकायचं नसतं, तरी निघतो. ‘ब्लो’ म्हणते आणि हात थांबतो. स्वयंपाकघरात तू लसूण सोलत असायचीस तिकडे कान जातो. मग फ्रिजचा आवाज येतो. मी दुसरा फॉर्म स्वतः म्हणत नाही. वर्गात म्हणते, पण घरात म्हणवत नाही. तसंच सोडून देते. दिवसभर असे किती तरी अर्धवट फॉर्म्स घरात पडून राहतात.

एकटं राहणं मला जड जाणार नाही असं मला वाटलं होतं. मी मोठी, मी उंच, मी कडक. सगळे हेच म्हणायचे. पण मला एकटीला राहायची सवयच कुठे होती? तू जन्मलीस तेव्हापासून मी कधी एकटी नव्हते. हे तुला आधी कळलं असणार, म्हणून तर सांगायला शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबलीस.

वड्या त्या गृहस्थांनाही दे. संक्रांतीला कुणाला वगळू नये.

ताई

* * *

फ्रीगंज
२० जानेवारी

चि. देवू,

आज फार लिहीत नाही. वसंतपंचमी शुक्रवारी आहे.

तुझा निरोप निहारिकाने दाखवला. “वड्या छान झाल्या. बाकीचं तुला माहीत आहे.” एवढंच. बाकीचं मला माहीत आहे.

मी काल बोलावण्याचं पत्र लिहायला बसले होते. ‘चि. सौ.’ असं लिहिलं आणि पुढे त्यांचं नाव लिहायची वेळ आली. पेन तिथेच थांबलं. नाव कसं लिहायचं गं? लिहिलं की झालंच ना. मग तू खरोखर तिकडची झालीस आणि इथे जे आहे ते फक्त माझं राहिलं. मी तो कागद फाडला. तुला राग येईल, पण खोटं कशाला लिहू.

म्हणून असं करते. मी तुला एकटीला बोलावते आहे. ये. एका दिवसासाठी ये. सकाळच्या बसने ये आणि संध्याकाळच्या बसने जा. खिडकीजवळ चटई टाकून ठेवते. मी भांडणार नाही, विचारणार नाही, त्यांचा विषय काढणार नाही. तू फक्त बस आणि म्हण. मला तुझा आवाज ऐकायचा आहे. फोनवरचा नको, खोलीतला हवा.

माझ्याकडून एवढंच होतंय. याहून जास्त होत नाही.

ताई

* * *

वसंतपंचमी, दुपार

चि. सौ. देवश्री आणि शैलेंद्रराव यांस,

दोघांचं नाव एका ओळीत लिहिलं आहे. नीट बघून घे, पेन कुठे थांबलेलं नाही.

ही चिठ्ठी शैलेंद्ररावांच्याच हाती देते आहे. ते समोर बसून चहा पिताहेत. ज्याला बोलवायचं त्याच्याच हाती बोलावणं पाठवायचं ही काही रीत नव्हे, पण आज रीत कशाची राहिली आहे! घाईत आहे. मुलं जाजमावर बसली आहेत आणि मी लिहिते आहे तिकडे टकमक बघताहेत. तरी काय झालं ते तुला माझ्याकडूनच कळलं पाहिजे, कारण हे गृहस्थ तुला अर्धं सांगतील आणि अर्धं हसण्यात घालवतील.

सकाळी तुझी वाट पाहिली. इंदौर-देवासकडच्या बसची वेळ झाली की गॅलरीत जाऊन आले. तू आली नाहीस. मग सुरू केलं. निहारिका तुझ्या जागी बसली. ‘एम’पर्यंत छान म्हणाली. तेवढ्यात तिचे वडील आले, भोपाळचे पाहुणे अचानक आले म्हणाले, आणि घेऊन गेले. मग दोन्ही फॉर्म्स मीच म्हणायला लागले. पोरांचा गोंधळ उडायला लागला, माझा दुसरा फॉर्म संपायच्या आत त्यांचा तिसरा यायचा. घसा बसत चालला होता. अखंड माझ्या हातून मोडणार, तात्यांचं मोडणार, हे मला दिसायला लागलं. मान खाली घालून म्हणत राहिले. ‘आर’ आला. मी ‘रीड’ म्हटलं आणि श्वास घ्यायला थांबले.

आणि दारातून कुणीतरी म्हणालं, ‘रीड’.

देवू, तात्यांसारखं. थांबून, माझा आवाज भिंतीपर्यंत जाऊन येऊ देऊन, मग. मला क्षणभर वाटलं तूच आहेस आणि तुझा घसा बसलाय. मी वर पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पुढचं निघालं नसतं. ‘राइड’ म्हटलं, दारातून ‘रोड’. ‘रिंग’ म्हटलं, ‘रँग’. पोरं खूश, तिसरा फॉर्म असा जोरात म्हणायला लागली की खालचा दुकानदार बाहेर येऊन बघून गेला. एकदाही चुकले नाहीत. ‘बिगिन’वर अडकणारा माणूस! ‘शेक’, ‘शाइन’, ‘श्रिंक’, सगळं सरळ. ‘सिंक’पर्यंत आम्ही असेच आलो आणि मग मी मान वर केली.

चपला हातात धरून उंबऱ्याबाहेर उभे होते. म्हणाले, “ताई, आत नाही येत. बोलावणं नाही ना. मला तर फक्त जिन्यातून ऐकून यायला सांगितलं होतं की दुसरा फॉर्म कोण म्हणतंय. पण तुम्ही थांबलात, आणि माझ्या तोंडून निघून गेलं. आदत झाली आहे.”

मी विचारलं, कसली सवय?

तर म्हणाले, “ही सकाळी कणीक मळताना काहीतरी पुटपुटायची. मी समझलो जप करते. मग लक्ष देऊन ऐकलं तर ‘ब्ल्यू’, ‘ब्रोक’, ‘केम’. आणि प्रत्येकाच्या आधी जरा थांबायची. कुणाची तरी वाट बघितल्यासारखी. मला वाईट वाटायचं हो. म्हणून मी पहिले फॉर्म पाठ केले. आता मी म्हणतो, ती म्हणते, ऐकून ऐकून तिचेही पाठ झाले. तुमच्यासारखं नाही जमत मला, ती रोज टोकते, ‘ताई असं नाही म्हणत.’ पण एकटीने म्हणण्यापेक्षा मोअर बेटर.”

मी ‘मोअर बेटर’ला काही म्हटलं नाही. लाल पेन समोरच होतं.

इतके महिने मला वाटत होतं की यांनी तुला माझ्याकडून उचलून नेलं. आणि हा माणूस तिकडे रोज सकाळी माझ्या जागेवर उभा राहत होता, तुझा दुसरा फॉर्म हवेत राहू नये म्हणून. माझे पहिले इथे पडून होते आणि तुझे दुसरे तिकडे. मी रडले. पोरांसमोर रडले. सौमित्रने च्युइंगम थुंकून पाणी आणून दिलं.

ते म्हणतात, तू इथल्याच देवास गेटच्या बस स्टँडवर बाकावर बसली आहेस, निळी शाल घेऊन, आणि बोलावल्याशिवाय पुढे एक पाऊल टाकणार नाहीस. देवासहून इथवर आलीस आणि देवास गेटला अडून बसलीस! तात्यांचीच मुलगी. मीही तशीच, नाहीतर हे एवढं लिहीत बसण्यापेक्षा ऑटो करून तुला न्यायला आले नसते का? पण पोरांना सोडून उठता येत नाही आणि बोलावणं लेखीच हवं होतं तुला. तर हे घे.

शैलेंद्ररावांना मी उंबऱ्याच्या आत घेतलं आहे, जाजमावर बसवलं आहे, तिळाची उरलेली वडी दिली आहे. दात शाबूत आहेत. आज दोघं इथेच जेवायचं, दोघं इथेच राहायचं. उद्याची बस उद्या बघू.

आणि हो, अखंड मोडलं आहे. मी मोडलं. ‘सिंक’नंतर आम्ही थांबलोय. पुढचा पहिला फॉर्म मी म्हटला आहे आणि मुलांना बजावून ठेवलंय की तू खिडकीजवळ येऊन बसेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही.

लवकर ये. पोरं फार वेळ गप्प बसत नाहीत.

तुझी ताई